जॉन ऑब्री आणि विल्टशर परगण्याचा अपूर्ण इतिहास

ऑब्री, जॉन : (१२ मार्च १६२६–जून १६९७). इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील विल्टशर परगण्याचा आद्य इतिहाससंग्राहक, पुरावशेषांचा अभ्यासक व चरित्रकार. समकालीन व्यक्तींची त्याने लिहिलेली छोटेखानी चरित्रे आज अधिक वाचली जातात. परंतु सर्वांत दीर्घकाळ त्याने ज्याचा ध्यास घेतला ते काम आपल्या परगण्याच्या इतिहासाची व निसर्गवर्णनाची साधने जमविण्याचे होते. पस्तीसहून अधिक वर्षे चाललेले हे काम त्याच्या हातून पुरे झाले नाही आणि त्याच्या हयातीत ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाले नाही.

किंग्टन सेंट मायकेल या गावाजवळील ईस्टन पियर्सी येथे एका सधन जमीनदार घराण्यात ऑब्रीचा जन्म झाला. खेळण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ऐकण्याचा नाद त्याला लहानपणापासून होता. ली डेलामेर या शेजारच्या गावातील रॉबर्ट लॅटिमर हे त्याचे शिक्षक. तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज हाही त्यांचाच जुना विद्यार्थी असून, १६३४ मध्ये तो गुरूंच्या भेटीला आला असताना लहानग्या ऑब्रीची त्याच्याशी ओळख झाली व ती जन्मभर टिकली.

या शाळकरी वयातील एक अनुभव ऑब्रीच्या पुढील कार्याच्या मुळाशी आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत इंग्लंडमधील मठ बरखास्त झाले, त्यांत जवळचा माल्म्सबरीचा प्राचीन मठही होता. त्याच्या ग्रंथालयातील चर्मपत्रावरील हस्तलिखिते गावोगाव पांगली. हातमोजे बनविणारे कारागीर आपला माल त्यांत गुंडाळत आणि शाळेतील मुलांच्या वह्या-पुस्तकांना त्यांचीच वेष्टने असत. मठाची वास्तू विकत घेणाऱ्या कापड-व्यापाऱ्याचा वंशज असलेला एक धर्मगुरू तर घरी गाळलेल्या खास बिअरच्या पिंपाचे तोंड हस्तलिखिताच्या पानाने बंद करी आणि त्या कामाला याहून चांगली वस्तू नाही, असे सांगे. ऑब्रीने हे प्रसंग पुढे नोंदवून ठेवले, त्यांत विनोद आहे, पण हळहळ त्याहून अधिक आहे. राजा व संसद यांच्यातील यादवी युद्धाच्या काळात ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना त्याने तेथील ऑझ्नी मठाच्या भग्नावशेषांची चित्रे एका चित्रकाराकडून काढवून घेतली. थोड्याच काळात ते अवशेष नाहीसे झाले आणि त्यांपैकी एक चित्र पुराविद विल्यम डग्डेलच्या मठविषयक बृहद्‌ग्रंथात कोरीव चित्राच्या रूपाने छापले गेले.

परगण्याच्या इतिहासाची कल्पना १६५९ मध्ये पुढे आली. संसदेवरील प्रतिनिधी निवडण्यासाठी विल्टशरमधील प्रतिष्ठित मंडळी डिव्हायझेस या गावी जमली होती. तीनच वर्षांपूर्वी डग्डेलचा वॉरिकशर परगण्याचा इतिहास प्रसिद्ध झाला होता. जुने दस्तऐवज, वंशावळी, कुलचिन्हे व थडग्यांवरील लेख यांच्या आधारे गावागणिक रचलेला तो ग्रंथ त्या प्रकारच्या लेखनाचा आदर्श मानला जाई. तसाच ग्रंथ आपल्याही परगण्याचा व्हावा, मात्र तो एकट्याचा आवाका नसल्याने काम वाटून घ्यावे, अशी सूचना विल्यम यॉर्क या कायदेपंडिताने केली. मधला भाग त्याने स्वतःकडे घेतला, उत्तरेकडील भाग ऑब्रीकडे आला, आणि टॉमस गोर, जेफ्री डॅनियल व सर जॉन अर्नली यांनी साहाय्य करावयाचे ठरले. बेत तेथेच राहिला. ऑब्रीने पुढे प्रस्तावनेत लिहिले आहे, की तो तंबाखूच्या धुरात विरून गेला. यॉर्क व दस्तऐवजांचे जाणकार न्यायाधीश निकोलस हे दोघेही तोवर वारले होते. त्यांची टिपणे घरातील बायकांच्या हाती पडून भाजलेल्या पदार्थांखाली घालण्याच्या कामी येतील, अशी भीती त्याने व्यक्त केली आहे. बायकांवरील हा ठपका अनाठायी आहे, कारण पिंपाला बूच म्हणून हस्तलिखित वापरणारा धर्मगुरू त्याच्याच लेखनात आहे.

एप्रिल १६७० मध्ये ईस्टन पियर्सी येथे लिहिलेल्या या प्रस्तावनेत ऑब्रीने आपल्या संग्रहाची मर्यादा मोकळेपणाने मांडली आहे. ही केवळ जमवाजमव असून ती पुढे एखाद्या पुराविदाच्या हाती पडावी व त्याने तिचा नीटस ग्रंथ करावा, अशी त्याची अपेक्षा होती. त्यासाठी ऑक्सफर्डच्या अँथनी वुड या इतिहासकाराचे नावही त्याने सुचविले. हे काम आणखी आधी हाती घेतले नाही याची खंत त्याने नोंदविली आहे, कारण मधल्या वर्षांत बऱ्याच गोष्टी कायमच्या नष्ट झाल्या होत्या. संग्रहात उत्तर विल्टशरमधील गावांच्या चर्चच्या काचचित्रांतील कुलचिन्हे, समाधिलेख, जुनी घरे, शेतांची नावे आणि लोकांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकती आढळतात. जागोजागी मोकळ्या जागा सोडलेल्या असून, अमुक गोष्टीची चौकशी करावी, अशा स्वतःलाच दिलेल्या सूचना आहेत.

परगण्याच्या निसर्गवर्णनाचे काम त्याने १६५६ मध्येच सुरू केले होते आणि येथे तो डग्डेलच्या वाटेपासून पुष्कळच दूर गेला. झरे, माती, दगड, वनस्पती व प्राणी यांच्या बरोबरीने शेती, लोकरीचा व्यापार, जत्रा-बाजार यांवर त्यात प्रकरणे आहेत. इतकेच नव्हे, तर परगण्यातील वकिलांची संख्या पूर्वी किती होती व आता किती झाली, यावरही एक प्रकरण आहे. माणसाचा स्वभाव जमिनीवर अवलंबून असतो, असे ऑब्री मानी. उत्तरेकडील चिकणमातीच्या, गाईगुरांच्या प्रदेशातील लोक दूधदुभत्यावर राहतात, त्यांना अंगमेहनत कमी पडते, म्हणून ते संथ बोलणारे, खिन्न, धर्मचिंतनात रमणारे व कोर्टकज्जांची हौस असलेले होतात. उलट दक्षिणेकडील खडूच्या माळरानावरील शेतकरी व मेंढपाळ कष्टाने इतके थकतात, की धर्मावर वाद घालण्यास त्यांना सवड उरत नाही. ही उपपत्ती आज कोणी मान्य करणार नाही. तरीही दूधदुभत्याचा उत्तरेकडील प्रदेश आणि धान्य-मेंढ्यांचा दक्षिणेकडील प्रदेश यांत त्याने पाहिलेला समाजजीवनाचा भेद खरा होता व पुढील कृषि-इतिहासकारांनी तो गंभीरपणे अभ्यासला.

प्रागैतिहासिक अवशेषांविषयीचे त्याचे विवेचन अधिक भक्कम पायावर उभे आहे. जानेवारी १६४९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने मार्लबरोच्या परिसरात गेला असता एव्हबरी येथील प्रचंड शिलावर्तुळे त्याच्या दृष्टीस पडली. वस्तीच्या घरांनी व कुंपणांनी ती वेढलेली असल्याने त्यांच्या मांडणीकडे तोवर विद्वानांचे लक्ष गेलेले नव्हते. १६६३ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला त्याने ते स्थळ दाखविले आणि त्याची मोजणी करून नकाशा तयार केला. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचा सदस्य झाला. विल्टशरमधीलच स्टोनहेंज हे शिलावर्तुळ रोमनांचे मंदिर असल्याचे वास्तुकार इनिगो जोन्सचे मत होते, तर वॉल्टर चार्ल्टन ते डेन लोकांचे मानी. रोमन किंवा डेन जेथे पोहोचलेच नाहीत अशा प्रदेशांतही तशी वर्तुळे आढळतात, तेव्हा ती त्या दोहोंपूर्वीच्या मूळ रहिवाशांचीच असली पाहिजेत, असा युक्तिवाद ऑब्रीने केला. ती प्राचीन केल्ट लोकांच्या ड्रुइड पुरोहितांची मंदिरे होत, हा त्याचा निष्कर्ष चुकीचा ठरला आहे, परंतु प्रत्यक्ष पाहणी व तुलना यांवरून कालक्रम लावण्याची रीत पुढे पुरातत्त्वविद्येने स्वीकारली. मध्ययुगीन इमारतींचा काळ खिडक्यांच्या घडणीवरून ठरविण्याचा प्रयत्नही त्याने १६७१ च्या सुमारास केला. १९२०–३० च्या दशकात स्टोनहेंज येथे उजेडात आलेल्या ५६ खड्ड्यांच्या वर्तुळाला त्याचे नाव दिलेले आहे.

ग्रंथ अपुरा राहण्याचे कारण बहुधा त्याच्या घडीविस्कट स्वभावात शोधले जाते. अँथनी वुडने तर त्याला भटक्या व जवळजवळ वेडसर ठरविले. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. १६५२ मध्ये वडील वारल्यानंतर कर्जे व दावे त्याच्या वाट्याला आले, एकेक इस्टेट विकावी लागली, १६७१ च्या सुमारास ईस्टन पियर्सीही गेले, आणि पुढील पंचवीस वर्षे सावकारांचा ससेमिरा चुकवीत तो मित्रांच्या घरी राहिला. डग्डेलच्या पद्धतीचा इतिहास लिहिण्यास स्थिर घर, दस्तऐवज उतरवून घेणारे लेखनिक व छपाईचा खर्च उचलणारे वर्गणीदार लागत. यांपैकी काहीही त्याच्यापाशी नव्हते. शिवाय १६७३ मध्ये त्याने सरे परगण्याची पाहणी अंगावर घेतली, आणि चरित्रांचे व शिलावर्तुळांचे लेखनही त्याच वेळी चालू होते. ज्या वुडवर त्याची भिस्त होती, त्याने विश्वासाने हाती दिलेल्या चरित्रांची पाने फाडून काढली. अखेर विल्टशरचे साहित्य ऑब्रीने टॉमस टॅनर या तरुण अभ्यासकाच्या भरवशावर सोडले. टॅनरकडूनही परगण्याचा इतिहास झाला नाही.

हस्तलिखिते १६९३ मध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात ठेवली गेल्यामुळेच मुख्यतः वाचली. विल्टशरच्या संग्रहाचे दोन खंड होते. त्यांपैकी दुसरा ऑब्रीचा भाऊ विल्यम याने १७०३ मध्ये उसना नेला. तो परत आला नाही व आजतागायत सापडलेला नाही. उरलेली हस्तलिखिते १८६० मध्ये बॉडलियन ग्रंथालयाकडे आली.

सरेची पाहणी रिचर्ड रॉलिन्सनने १७१८–१९ मध्ये पाच खंडांत प्रसिद्ध केली. विल्टशरला त्यासाठी ऑब्रीच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षे थांबावे लागले. निसर्गवर्णन १८४७ मध्ये जॉन ब्रिटनने संक्षिप्त रूपात संपादित केले. तो ऑब्रीप्रमाणेच किंग्टन सेंट मायकेलचा. इतिहाससंग्रह १८६२ मध्ये डिव्हायझेस येथे प्रसिद्ध झाला आणि त्याचे संपादक कॅनन जे. ई. जॅक्सन हे ली डेलामेरचे धर्मगुरू होते. जॅक्सननी ऑब्रीच्या प्रत्येक त्रोटक नोंदीखाली दस्तऐवजांच्या आधारे सविस्तर टिपा जोडल्या, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी टिपा मूळ मजकुराहून मोठ्या झाल्या आहेत. सर रिचर्ड कोल्ट होअर यांच्या १८२२–४४ मधील बहुखंडी इतिहासात परगण्याचा केवळ दक्षिण भाग येऊन गेला असल्याने, उत्तरेकडील गावांसाठी अभ्यासकांना जॅक्सन-संपादित ऑब्रीवरच दीर्घकाळ अवलंबून राहावे लागले. इंग्लंडच्या परगण्यांचे इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या योजनेतील विल्टशरचा सर्वांत आधी प्रसिद्ध झालेला खंड (क्रमाने सातवा) १९५३ मध्ये निघाला, आणि ती मालिकाही अद्याप पूर्ण झालेली नाही.