सच्छिद्र संकरित पातळ थर (सौरघटांतील)

असेंद्रिय अर्धसंवाहकाचा सच्छिद्र सांगाडा आणि त्याच्या छिद्रांत भरलेला सेंद्रिय पदार्थ मिळून बनणारा, सौरघटात प्रकाश शोषून विद्युतभार वेगळे करणारा थर. सांगाडा बहुधा टायटेनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडचा असतो. तो इलेक्ट्रॉन वाहून नेतो, तर छिद्रांतले पॉलिमर किंवा रंजक प्रकाश शोषते.

सेंद्रिय पदार्थावर प्रकाश पडला की मोकळे विद्युतभार मिळत नाहीत. इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली धनभारित जागा) यांची घट्ट बांधलेली जोडी, म्हणजे एक्सायटॉन, तयार होते. ती फोडायला काही दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा जेमतेम ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. म्हणून जोडी फुटते ती दोन पदार्थांच्या सीमेवरच. पण बहुतेक पॉलिमरांत एक्सायटॉन विझण्यापूर्वी सुमारे १० नॅनोमीटरच सरकतो आणि पुरेसा प्रकाश शोषायला थर मात्र १०० ते २०० नॅनोमीटर जाड लागतो. सगळी अडचण या दोन आकड्यांच्या तफावतीत आहे. सच्छिद्र रचनेत थर जाड ठेवूनही सीमा प्रत्येक एक्सायटॉनच्या आवाक्यात आणता येते.

या रचनेची ताकद १९९१ मध्ये ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांच्या रंजक-संवेदित घटाने दाखवून दिली. सुमारे १० मायक्रोमीटर जाडीच्या सच्छिद्र टायटेनियम डायऑक्साइडवर रंजकाचा रेणूजाडीचा लेप देऊन त्यांनी ७ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळवली. त्या घटात द्रव विद्युतअपघटनी (आयनांद्वारे विद्युतभार वाहून नेणारा द्रव) होते. द्रवाऐवजी घन सेंद्रिय पदार्थ भरण्याचे प्रयत्न पुढे झाले.

सुबक छिद्रांसाठी सोल-जेल द्रावणात (घट्ट होत जाऊन ऑक्साइडचा सांगाडा देणाऱ्या द्रावणात) ब्लॉक कोपॉलिमर, म्हणजे दोन किंवा अधिक वेगळ्या पॉलिमरांचे तुकडे जोडून बनलेले रेणू, मिसळतात. द्रावक उडून जाताना कोपॉलिमरचे रेणू आपोआप नियमित रचनेत लागतात. नंतर ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की ते जळून जातात आणि त्यांच्या जागी काही नॅनोमीटरची छिद्रे उरतात. मात्र तापवताना थर आकसतो, छिद्रे उभ्या दिशेने चेपली जातात.

खरी कसोटी छिद्रे भरताना लागते. अरुंद, वळणदार छिद्रात पॉलिमरच्या लांब साखळ्या धड शिरत नाहीत. शिरल्या तरी गुंडाळल्या जातात, एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत आणि होलची गती मंदावते. छिद्र मोठे केले तर एक्सायटॉन सीमेपर्यंत पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून सरळ उभ्या छिद्रांचे थर आणि झिंक ऑक्साइडच्या उभ्या नॅनोकांड्या वापरून पाहिल्या गेल्या. तरीही कार्यक्षमतेत पॉलिमर व फुलरीन (कार्बनचे पोकळ गोलाकार रेणू) यांचे सरळ मिश्रणच पुढे राहिले. त्यात सांगाडा भरण्याचा प्रश्नच येत नाही.

सच्छिद्र सांगाड्याचा सर्वांत फलदायी उपयोग वेगळ्याच पदार्थासाठी झाला. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका व सहकाऱ्यांनी सच्छिद्र टायटेनियम डायऑक्साइडवर पेरोव्हस्काइट (विशिष्ट स्फटिकरचनेचा, शिसे व हॅलाइड असलेला प्रकाशशोषक पदार्थ) बसवून ३.८ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०१२ मध्ये सांगाडा अ‍ॅल्युमिनाचा, म्हणजे विद्युतरोधकाचा, घेऊनही १० टक्क्यांचा टप्पा ओलांडला गेला. त्यावरून पेरोव्हस्काइट इलेक्ट्रॉन स्वतःच वाहून नेऊ शकते हे स्पष्ट झाले आणि सांगाड्याविना सपाट थरांचे घटही बनू लागले.