नवा भुंगेरा सापडलाय? आधी परवानगीची तारीख बघा

पावसाळा सरला की एकदोघांचे फोन ठरलेले. "पालापाचोळा चाळताना तीन मिलिमीटरचा भुंगेरा मिळालाय, कशातच बसत नाही. नाव कसं द्यायचं?" मी आधी विचारतो, परवानगीपत्र कोणत्या तारखेपासूनचं आहे? पलीकडे शांतता.

पात्रतेची भीती सोडा. प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता कुणाची पदवी विचारत नाही. शाळामास्तरही नवी प्रजाती जाहीर करू शकतात. घोडं अडतं कागदांवर.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात नमुने घ्यायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. पत्र यायला वेळ लागतो आणि पाऊस थांबत नाही, म्हणून लोक आधी गोळा करतात, मग अर्ज करतात. एका मुलाच्या नमुन्याच्या लेबलवर गोळा केल्याची तारीख 14 जुलै होती, परवानगी 2 ऑगस्टपासूनची. नवं नाव शोधपत्रिकेत लेख छापून जाहीर करायचं असतं; तिच्या संपादकांनी त्याचा लेख परत पाठवला. "लेबल नवं लिहू का?" त्याने हळूच विचारलं. अजिबात नको. तो खोटा पुरावा होतो.

देवराईत वेगळाच घोळ. गावकरी, पुजारी सगळे हो म्हणतात, पण सातबाऱ्यावर नाव वन विभागाचं निघतं. उतारा आधी काढा.

सुट्टीत गावी येऊन नमुने जमवणाऱ्या परदेशस्थांनी हे दोनदा वाचावं. जैवविविधता कायदा 2002 नुसार अनिवासी भारतीयालाही चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. पासपोर्ट भारतीय असून भागत नाही. अनिवासी कोण, हे आयकर कायद्याप्रमाणे ठरतं. नमुना परदेशी तज्ज्ञाला पोस्टाने पाठवायचा विचार असेल, तरी आधी प्राधिकरणाला विचारा.

आता भुंगेरा. इतका लहान किडा टाचणीवर बसत नाही. कार्डाच्या निमुळत्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर चिकटवतात. बऱ्याच गटांत बाहेरून दोन प्रजाती हुबेहूब दिसतात, फरक नराच्या जननेंद्रियात असतो. म्हणून नमुना गरम पाण्यात मऊ करायचा, तो भाग अलगद काढून पोटॅशच्या द्रावणात स्वच्छ करायचा आणि ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून चित्र काढायचं. शिवाय जवळच्या जुन्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांशी तुलना हवी. ते बरेचसे लंडनच्या संग्रहालयात आहेत. छायाचित्रं मागवा, पण आठवड्यात उत्तर येईल असं धरू नका.

ज्या एका नमुन्यावर नाव टिकतं तो होलोटाइप. 1999 नंतरच्या नावांना तो लेखात स्पष्ट नेमावा लागतो आणि कुठल्या संग्रहात, कोणत्या गावी ठेवणार तेही लिहावं लागतं. "माझ्या कपाटात डांबरगोळ्या घालून नीट ठेवलाय" हे चालणार नाही. आपल्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना नियुक्त संस्थेत जमा करणं बंधनकारकच आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, कोलकाता. पुण्यात आकुर्डीला त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते. नोंद क्रमांक मिळायला महिने जातात आणि संपादक तो मागतातच, तेव्हा लेख पाठवायच्या आधीच या मागे लागा.

शेवटची ठेच झूबँकची, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीची. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या लेखाची तिथे नोंद प्रकाशनाच्या आधी हवी, आणि तिचा पुरावा लेखातच छापलेला हवा. "नंतर करू" म्हणणाऱ्यांचं नाव संहितेच्या लेखी अस्तित्वातच येत नाही. समाजमाध्यमावर फोटोखाली दिलेल्या नावाचंही तेच.

नाव निवडणं सोपं: लॅटिन लिपी, वंशाच्या (प्रजातीच्या वरच्या गटाच्या) नावाच्या व्याकरणातल्या लिंगाशी जुळणारं विशेषण. स्वतःचं नाव देऊ नका. मनाई नाही, पण लोक हसतात.

14 जुलैवाला मुलगा पुढच्या पावसाळ्यात पत्र खिशात घालून त्याच ओढ्याकाठी गेला. दोन माद्या मिळाल्या. नर अजून शोधतोय.