फोन हॉलमधल्या नोडला का चिकटून राहतो?

बेडरूममध्ये मेशचा, म्हणजे मिळून घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या उपकरणांच्या संचाचा, दुसरा नोड (त्यातलं एक उपकरण) चार फुटांवर आहे, तरी व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण फोन अजून हॉलमधल्याच नोडला जोडलेला असतो. अशा वेळी लोक तिसरा नोड विकत आणतात. बहुतेकदा त्याने त्रास वाढतोच.

कोणत्या नोडला जोडायचं हे फोन ठरवतो, राउटर फक्त सुचवू शकतो. आयफोनचंच घ्या. सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार) खाली घसरेपर्यंत तो दुसरा नोड शोधत नाही. शोधला तरी नवा सिग्नल किमान ८ डेसिबलने सरस लागतो, आणि डेटाची ये-जा बंद असेल तर १२ डेसिबलने. म्हणजे हॉलचा नोड बेडरूममध्ये उणे ६४ ने पोचत असेल, तर फोनच्या लेखी सगळं ठीक आहे. शिवाय नोडचा आवाज मोठा आणि फोनचा लहान. फोनला नोड नीट ऐकू येतो, पण फोनचं बोलणं भिंतीपलीकडे पोचेपर्यंत क्षीण होतं. कांड्या भरलेल्या असूनही तुमचा आवाज तुटतो तो यामुळे.

म्हणून आधी मोजा. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप चालतं. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा दिसतो. जिथे नोड बदलायला हवा त्या दारात उभे राहा. तिथे जुना नोड उणे ७० ते ७५ आणि नवा उणे ६० च्या आसपास हवा. जुना जास्त जोरात असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये त्याची ट्रान्समिट पॉवर (सिग्नल फेकण्याची ताकद) हायवरून मीडियम करा. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून जास्त लांब जातो, त्यामुळे त्याची पॉवर ५ गिगाहर्ट्झपेक्षा ६-७ डेसिबल कमी ठेवावी. स्वस्त संचांत ही सोय नसते. मग नोड भिंतीआड सरकवा किंवा एक नोड चक्क काढून टाका.

आणखी एक चूक घरोघरी आढळते. इंटरनेटवाल्याने बसवलेल्या डब्याचं वायफाय चालूच असतं, तेही मेशच्याच नावाने. फोन तिकडे उडी मारतो, आयपी पत्ता बदलतो, कॉल तुटतो. त्या डब्याचं वायफाय बंद करा आणि मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे मेश फक्त वायफाय पुरवेल आणि आयपी पत्ते तो डबाच देईल.

सेटिंगमधले ८०२.११के आणि व्ही चालू ठेवा: पहिलं फोनला शेजारच्या नोडची यादी देतं, दुसरं बदलाची सूचना करतं. ८०२.११आर मुळे पासवर्डची पडताळणी झटपट उरकते, पण काही जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग त्यावर जोडलेच जात नाहीत. त्यांना २.४ चं वेगळं नाव द्या आणि त्यावर ८०२.११आर बंद ठेवा. इंटेलचं वायफाय कार्ड असलेल्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ असतं. ते एक पायरी वाढवून बघा.

एका वेळी एकच बदल करा. लॅपटॉपवर राउटरला सतत पिंग (उत्तर येतं का हे तपासणारा छोटा संदेश) लावा आणि हातात घेऊन घरभर फिरा. नोड बदलताना एखाद-दुसरं उत्तर चुकलं तर हरकत नाही. ओळीने पाच-सहा चुकली, तर त्याच दारात थांबून पुन्हा आकडा मोजा.