परत न येणाऱ्या गोष्टींचे इंग्रजी शब्द कुठून आले

इरेव्होकेबल, इरेपरेबल, इरिट्रीव्हेबल, इरिडीमेबल, इरिव्हर्सिबल. इंग्रजीत हे पाच वेगळे शब्द आहेत आणि मराठी करताना आपण यातल्या निम्म्यांवर तरी अपरिवर्तनीय असा एकच शिक्का मारून मोकळे होतो. मला हे खटकतं, कारण प्रत्येक शब्दाच्या पोटात वेगळं क्रियापद आहे, नेमकं काय करता येत नाही ते त्या क्रियापदात सांगितलंय आणि तेच नेमकं भाषांतरात गळून जातं.

आधी ते सुरुवातीचं 'इर'. लॅटिनमध्ये नकाराचा उपसर्ग 'इन', पण पुढे र आला की न चा उच्चार र मध्ये मिसळतो आणि इन चं इर होतं. हा 'इन' आणि आपला संस्कृतातला 'अ' किंवा 'अन्' एकाच मूळ भाषेतून आलेले, म्हणजे सख्खे भाऊच. त्याहून भारी म्हणजे इरिव्हर्सिबलमधलं लॅटिन क्रियापद 'व्हर्तेरे', म्हणजे वळणं, ते आपल्या 'वृत्' धातूचं भावंड आहे, ज्यातून वर्तुळ आणि परिवर्तन आले. म्हणजे इरिव्हर्सिबलला अपरिवर्तनीय म्हणणं अगदी मुळापर्यंत बरोबर आहे, फक्त तो शब्द बाकीच्या चौघांना द्यायला नको होता.

इरेव्होकेबलमध्ये 'व्होकारे' आहे, हाक मारणं, आणि ते आपल्या वाचेच्या कुळातलं. मूळ अर्थ, परत बोलावता न येणारं. रोमन कवी होरेसनं लिहून ठेवलंय की एकदा तोंडातून सुटलेला शब्द उडून जातो, तो परत बोलावता येत नाही, आणि तिथे त्यानं हेच विशेषण वापरलंय. आपल्याकडे धनुष्यातून सुटलेल्या बाणाबरोबर तोंडातून गेलेला शब्द येतोच ना, तीच गोष्ट. होरेसचा मित्र व्हर्जिल, त्यानं इरेपरेबल हे विशेषण काळाला लावलं, की काळ पळतोय आणि तो पुन्हा मिळवता येत नाही.

इंग्रजीत हे शब्द घुसले ते मुख्यतः फ्रेंचमार्गे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबार आणि कोर्टकचेरीची भाषा कित्येक पिढ्या फ्रेंच आणि लॅटिन राहिली, 1362 मध्ये कोर्टात इंग्रजीत बोलायचा कायदा झाला तरी कागदावर जुनेच शब्द चालू राहिले. म्हणून तर यातले बरेच शब्द आजही घरात कमी आणि कोर्टात जास्त ऐकू येतात.

इरेपरेबल घ्या. इंग्लंडातली कॉमन लॉची, म्हणजे रूढी आणि जुन्या निकालांवर चालणारी कोर्टं नुकसान झालं की मुख्यतः पैसे भरून द्यायला लावायची, पण पैशानं भरपाई होणारच नसेल तर माणूस चॅन्सरी या न्यायबुद्धीनं निवाडा करणाऱ्या वेगळ्या कोर्टात जायचा आणि तिथून मनाईहुकूम मिळायचा. तेच तत्त्व आपल्या कोर्टात आलं. तात्पुरती मनाई मागताना तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, सकृतदर्शनी केस, सोयीचा समतोल (म्हणजे मनाई दिली किंवा नाकारली तर कुणाला जास्त त्रास होईल) आणि इरेपरेबल नुकसान, आणि मराठी दाव्यांमध्ये हे 'कधीही भरून न येणारे नुकसान' असं असतं. मला हे भाषांतर फार आवडतं. कारण इथे मुद्दा नुकसान केवढं मोठं हा नाहीच, ते पैशानं भरून निघतं की नाही हा आहे. कोटीचं येणं बुडालं तरी ते आकड्यात मोजता येतं, वडिलोपार्जित वाडा पाडला तर तो वाडा कुठून आणणार.

इरेव्होकेबल बँकेत आणि वकिलाकडे भेटतो. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 202 सांगतं की मुखत्याराचा, म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं व्यवहार करणाऱ्याचा, स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत असेल तर, करारात तशी स्पष्ट मुभा नसेल तोवर, त्या हिताला बाधा येईल अशा रीतीनं मुखत्यारी संपवता येत नाही, म्हणजे ती इरेव्होकेबल. इरिडीमेबल म्हणजे परत विकत घेऊन सोडवता न येणारं, आणि रिडीम हे क्रियापद गहाणाला पण चालतं आणि पापातून सोडवण्याला पण. मराठीत 'तारण' तसंच आहे की, बँकेतलं तारण पण आणि तारणहार पण!

इरिव्हर्सिबलला विज्ञानानं वेगळं वजन दिलं. 1824 मध्ये कार्नो या फ्रेंच इंजिनिअरनं वाफेच्या इंजिनाचा विचार करताना एक आदर्श, उलट फिरवता येणारं यंत्र कल्पलं आणि 1865 मध्ये क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञानं एन्ट्रॉपी हा शब्द काढला, ढोबळपणे ऊर्जा किती विखुरली याचं माप, आणि ते आपोआप कमी होत नाही. गरम चहा आपोआप गार होतो, गार झालेला आपोआप गरम होत नाही, आणि निसर्गातल्या खऱ्याखुऱ्या प्रक्रिया अशाच एका दिशेनं जाणाऱ्या असतात.

इरिट्रीव्हेबल मात्र शिकारीतून आलाय. जुन्या फ्रेंचमध्ये पुन्हा शोधून काढणं असा अर्थ, आणि हरवलेली शिकार पुन्हा हुडकणारा कुत्रा तो रिट्रीव्हर. हाच शब्द पुढे लग्नाला लागला. इंग्लंडच्या 1969 च्या घटस्फोट सुधारणा कायद्यानं, जो 1971 पासून लागू झाला, लग्न इरिट्रीव्हेबल रीतीनं मोडलंय हाच घटस्फोटाचा एकमेव आधार ठरवला, तरी ते सिद्ध करायला व्यभिचार, सोबत राहणं अशक्य करणारं वागणं, सोडून जाणं किंवा ठराविक वर्षं वेगळं राहणं यातलं काहीतरी दाखवावं लागायचंच. 2022 पासून तेही गेलं. भारतात विधी आयोगानं 1978 च्या 71 व्या अहवालात हा आधार हिंदू विवाह कायद्यात घालायची शिफारस केली, 2009 मध्ये 217 व्या अहवालात परत केली, 2013 मध्ये राज्यसभेत विधेयक मंजूरही झालं पण पुढे कायदा झालाच नाही. शेवटी 1 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की पूर्ण न्यायासाठी सुप्रीम कोर्टाला खास अधिकार देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम 142 खाली आम्ही या कारणावर घटस्फोट देऊ शकतो, पण तो कुणाचा हक्क नाही, आणि नवराबायको सहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ वेगळे राहत असतील तर तेही विचारात घेतलं जाईल. म्हणजे फॅमिली कोर्टाला अजूनही या कारणावर घटस्फोट देता येत नाही, आणि मराठीत या शब्दाला एक ठरलेला प्रतिशब्द नाही, कुणी 'पुन्हा जुळू न शकणारं' लिहितं, कुणी 'सुधारण्यापलीकडे गेलेलं', आणि कुणी परत तेच अपरिवर्तनीय.