तरस कुत्र्यांतून मांजरांत कसं आलं: मार्जारगटाच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

तरस मांजराच्या बाजूचं आहे म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांना ते पटत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. सासवड, बारामतीकडच्या माळावर तरस नीट पाहिलंय त्याला माहितीये, लांबुळकं तोंड, उभे कान, मागे उतरत गेलेली पाठ, बोथट आणि कायम बाहेर राहणाऱ्या नख्या, चारही पायांना चार-चार बोटं. वरून बघता मांजराशी जुळणारं काहीच सापडत नाही. तरी आज मांसाहारी गणाचे दोन उपगण करताना तरस, मुंगूस, उदमांजर, जवादी मांजर हे सगळे वाघ-बिबट्याच्या बाजूला धरतात आणि कुत्रे, कोल्हे, अस्वलं, पाणमांजरं, सील दुसऱ्या बाजूला. ही वाटणी ज्या खुणेवरून झाली ती कवटीच्या तळाशी लपलेली आहे, आणि ती सापडल्यावरही तिचं म्हणणं पूर्ण मान्य व्हायला शंभरेक वर्षं गेली.

जुना काळ पटकन सांगतो. 1758 च्या प्राण्यांच्या पहिल्या मोठ्या यादीत तरस सरळ कुत्र्याच्या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) होतं, लांडगा आणि कोल्ह्याच्या शेजारी. मांजराच्या प्रजातीत सात जाती होत्या, सिंहापासून घरच्या मांजरापर्यंत. आणि जवादीच्या प्रजातीत जवादी, जेनेट (जवादीसारखाच सडपातळ, ठिपकेदार प्राणी), मुंगूस आणि अमेरिकेतले स्कंक असे सगळे एकत्र कोंबलेले. पुढे 1817 मध्ये एका फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पाऊल कसं टेकतं त्यावरून गट पाडले, पूर्ण तळवा टेकवणारे एकीकडे आणि बोटांवर चालणारे दुसरीकडे. म्हणजे कुत्रा, मांजर आणि तरस एका गटात आणि अस्वल वेगळं. सोपी पद्धत होती, पण पाय हे जगण्याच्या सवयीप्रमाणे बदलतात, धावणाऱ्याचे पाय धावणाऱ्यासारखेच होणार, त्यावरून नातं कसं कळणार.

नातं कळलं कानामुळे. मांजराची साफ केलेली कवटी उलटी धरली तर जबड्याच्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक गुळगुळीत, फुगीर, भुईमुगाच्या टरफलासारखं पातळ हाड दिसतं. मधल्या कानाची पोकळी त्याच्या आत असते. हे हाड अलगद कापलं की आत एक पातळ हाडाचा पडदा दिसतो आणि त्याने पोकळीचे दोन कप्पे केलेले असतात, बाहेरच्या बाजूचा छोटा, कानाच्या पडद्यालगतचा, आणि आतल्या-मागच्या बाजूचा मोठा. दोन वेगवेगळी हाडं वाढत येऊन जिथे एकमेकांना भिडतात तिथे दोघांच्या कडा आत वळून हा दुहेरी पडदा तयार होतो. अस्वलाच्या कवटीत असला पडदा नाही. कुत्र्यात आडवी एक अर्धवट भिंत असते, पण ती एकाच हाडाची, दोन हाडं भिडून झालेली नाही.

1869 मध्ये लंडनच्या शल्यवैद्यांच्या संस्थेचं संग्रहालय सांभाळणाऱ्या एका शरीरशास्त्रज्ञाने कवटीच्या तळाच्या अशा खुणांवरून सगळ्या गणाचे तीन भाग केले, मांजराचा, कुत्र्याचा आणि अस्वलाचा. (कवटीचा तळ बघा, हे त्याच्या वीस वर्षं आधी दुसऱ्या एकाने सांगितलेलं होतं, पण व्यवस्थित मांडणी याची.) या मांडणीत तरस मांजराच्या भागात आलं. तरसाच्या कानाच्या हाडात कप्प्यांची मापं आणि जागा मांजरासारख्या नाहीत, त्यामुळे त्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला, पण कवटीच्या तळाची एकूण ठेवण, रक्तवाहिन्यांची भोकं वगैरे धरून तरस कुत्र्याकडे परत कधी गेलं नाही. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण तेव्हा जनुकं वगैरे काहीच माहीत नव्हतं आणि तरी नुसत्या कवट्या मांडून बसलेल्या माणसाने तरसाबद्दल जे सांगितलं ते आज डीएनएने जसंच्या तसं खरं ठरवलं.

याच पद्धतीतून एक अडचणीचा प्राणीही लगेच समोर आला. आफ्रिकेत झाडावर राहणारं, अंगावर दोन फिकट ठिपके असलेलं एक उदमांजर आहे, दिसायला आपल्या उदमांजरासारखंच. त्याच्या कानाच्या फुग्याचा मागचा भाग जन्मभर कुर्चेचाच राहतो, हाड होतच नाही. म्हणजे कवटी उकळून साफ केली की तो भाग निघून जातो आणि तिथे नुसती उघडी जागा दिसते. 1872 मध्येच हे छापून आलं. 1929 मध्ये एकाने त्याला स्वतंत्र कुल (प्रजातींच्या वरचा, मोठा गट) दिलं, पण बाकीच्यांनी त्याला जवादीच्या कुलातच ठेवलं.

आता 1945 मध्ये मुंगसाला जवादीच्याच कुलात ठेवायचा जो निर्णय झाला, त्याबद्दल मला खरं तर जास्त बोलायचंय. त्याआधीची तीस वर्षं लंडनमधलाच दुसरा एक अभ्यासक 1916 पासून सतत दाखवत होता की मुंगूस हे जवादीचं भावंड नाही. त्याच्याकडे पुरावे साधे पण पक्के होते. जवादीच्या जननेंद्रियाजवळ सुगंधी स्रावाची पिशवी असते, तीच ती, जिच्यातला जवादी कस्तुरी अत्तरवाले वापरत आले, ती मुंगसाला नाही. उलट मुंगसाची गुदद्वाराची जागा एका खोलगट पिशवीत उघडते आणि तिथल्या ग्रंथींचा वास ते दगडावर, खोडावर घासून ठेवतं. मुंगसाच्या नख्या आत ओढल्या जात नाहीत. कान छोटे, गोल, डोक्याला चिकटलेले, आणि मांजराच्या किंवा जवादीच्या कानाच्या बाहेरच्या कडेला जो छोटा दुहेरी खिसा असतो (घरच्या मांजराचा कान बघा, लगेच सापडेल) तो मुंगसाला नसतो. एवढं सगळं छापलेलं होतं, उपलब्ध होतं.

तरी 1945 मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत जीवाश्म अभ्यासकाने सगळ्या सस्तन प्राण्यांची जी मोठी यादी काढली त्यात मुंगूस, जवादी, जेनेट, उदमांजर, मादागास्करचे मांसाहारी आणि ते कुर्चेच्या कानाचं आफ्रिकन उदमांजर, सगळे एकाच कुलात टाकले. यादी करणाऱ्याचा कल मोठे गट ठेवण्याकडे होता आणि त्यामागे विचार होता हे मान्य आहे, प्रत्येक फरकावर नवं कुल काढत बसलं तर वर्गीकरणाचा उपयोगच राहत नाही. पण झालं असं की ती यादी इतकी सोयीची आणि इतकी व्यापक होती की पुढची चाळीस-पन्नास वर्षं जगभरची पाठ्यपुस्तकं, संग्रहालयांच्या पाट्या, प्राणिसंग्रहालयांचे फलक सगळे तिच्यावरच चालले, आणि ते कुल म्हणजे मांजर नाही, तरस नाही, मग उरलेलं जे काही ते इथे टाका असं झालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी हंगेरीतल्या एका जीवाश्म अभ्यासकाने मांजराच्या बाजूला फेलिफॉर्मिया हे नाव दिलं, आज आपण तेच वापरतो, पण तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. माझं मत स्पष्ट आहे, मुंगसाचे पुरावे 1945 मध्ये बाजूला ठेवायला नको होते. संबंध कुलाचा अभ्यास त्यामुळे मागे पडला.

नंतर पुरावे वेगळ्याच दिशेने येत गेले. 1960 च्या दशकात छोट्या भारतीय मुंगसाची गुणसूत्रं मोजली तर मादीत 36 आणि नरात 35 निघाली, कारण नराचं वाय गुणसूत्र दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटलेलं आहे. मुंगसांच्या बऱ्याच जातींत हे दिसतं. 1974 मध्ये कानाचा तो हाडाचा फुगा नुसता मोठ्या प्राण्यात न बघता पिल्लांमध्ये कसा तयार होत जातो, कोणतं हाड कुठून वाढत येतं, याचा सविस्तर अभ्यास आला आणि जुनी खूण नव्याने भक्कम झाली. 1989 नंतरच्या याद्यांत मुंगूस शेवटी स्वतःच्या कुलात गेलं. म्हणजे 1916 चं म्हणणं सत्तरेक वर्षांनी रुळलं.

मग 2003 आलं, आणि एकाच वर्षी दोन मोठ्या गोष्टी झाल्या. पहिली मादागास्करची. तिथला फोसा हा प्राणी लांब शेपटीच्या, तपकिरी, सडपातळ बिबट्यासारखा दिसतो, नख्या आत ओढता येतात, तोंड आखूड, त्यामुळे काहींनी त्याला मांजरातच टाकलं होतं, काहींनी जवादीत, आणि तिथल्या छोट्या मुंगसासारख्या प्राण्यांना मुंगसात. डीएनएने सांगितलं की हे सगळे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, तो पूर्वज साधारण 1.8 ते 2.4 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आला, आणि तो मुंगसाच्या नात्यातला होता. फोशाचं मांजरपण तिथे शिकार करता करता आलेलं आहे. दुसरी गोष्ट लिन्सँगची. आग्नेय आशियातला (आणि आपल्या ईशान्य भारतातलाही) ठिपक्यांचा हा छोटा झाडावरचा प्राणी आफ्रिकेतल्या लिन्सँगबरोबर जवादीच्या कुलात होता, दोघं दिसायला इतके सारखे की शंका यायचं कारणच नाही. पण आफ्रिकेतला निघाला जेनेटचा नातेवाईक आणि आशियातला निघाला आज जिवंत असलेल्यांत मांजर कुलाचा सगळ्यात जवळचा. त्या आफ्रिकन उदमांजराचाही निकाल लागला, ते या संपूर्ण उपगणातून सगळ्यात आधी वेगळं झालेलं आहे. आणि तरस? ते मुंगूस आणि मादागास्करच्या प्राण्यांच्या फांदीजवळ.

नख्या आणि दात यांनी लोकांना का फसवलं ते यावरून समजतं. मांजराला 30 दात, कुत्र्याला 42, तरसाला 34. मांस कापणारा वरचा चौथा पुढदाढेचा दात आणि खालची पहिली दाढ हे जोडीने कात्रीचं काम करतात, ही जोडी दोन्ही उपगणांत आहे, पण मांजराने त्यामागच्या चावायच्या दाढा जवळपास टाकूनच दिल्या. तरसाने कापणारी जोडी ठेवून पुढच्या दाढा हाडं फोडायला जाड केल्या. तरसाच्याच कुलातला आफ्रिकेतला आर्डवुल्फ वाळवी खातो आणि त्याच्या दाढा नुसत्या खुंट्या राहिल्यात. एका कुलात एवढा फरक, तर दातांवरून कुल कसं ठरवणार.

आपल्याकडे या गोष्टीचा थेट संबंध कायद्याशी येतो. 2022 च्या दुरुस्तीआधीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत मलबार सिव्हेट (पश्चिम घाटाकडची एक जवादी) सोडून जवादी कुलातल्या सर्व जाती अशी एक नोंद होती आणि हर्पेस्टिस प्रजातीतल्या सर्व जाती अशी मुंगसांची वेगळी. 1945 ची यादी धरली तर पहिल्याच नोंदीत मुंगूसही येतं, नवीन धरली तर येत नाही, आणि ज्या प्राण्याच्या केसांचे ब्रश चोरून विकले जातात त्याच्या बाबतीत ही वाक्यरचना किरकोळ नाही. त्यात आता आशियातली मुंगसं हर्पेस्टिसमधून काढून उर्वा प्रजातीत नेलीत, आपलं नेहमीचं राखाडी मुंगूसही. मांजर कुलातही 2017 मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने उपजाती कमी केल्या, गीरचा सिंह आणि पश्चिम-मध्य आफ्रिकेतला सिंह एका उपजातीत आले, वाघाच्या दोनच उपजाती ठेवल्या, आणि लगेच 2018 मध्ये 32 वाघांच्या जनुकसंचावरून दुसऱ्या अभ्यासकांनी सहा उपजाती दाखवल्या.

आणि अजून एक गाठ सुटलेली नाही, ती पश्चिम घाटातली. मलबार सिव्हेटचं वर्णन 1862 मध्ये झालं, जगातल्या अतिधोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तो आहे, पण जंगलात जिवंत असल्याचा एकही पक्का फोटो नाही. 2010 मध्ये एका परीक्षणात थेट शंका घेतली गेली की केरळच्या किनाऱ्यावर सापडलेले नमुने आग्नेय आशियातून कस्तुरीच्या व्यापारासाठी आणलेल्या मोठ्या ठिपक्यांच्या जवादीचे असतील. काही जण मात्र तो इथलाच, वेगळा आणि बहुधा संपत आलेला प्राणी मानतात. त्यांचं बरोबर असेल तर कॅमेरे लावायची जागा किनाऱ्यालगतची सखल जंगलं आणि काजूच्या बागा, घाटमाथा नाही, कारण जुन्या नोंदी बहुतेक तिथल्याच आहेत.