पॅराशूटची दोरी ताणली गेली पाहिजे

पाण्याच्या रॉकेटचं (बाटलीत पाणी आणि दाबाची हवा भरून उडवतात ते) पॅराशूट फाटलं, पण दोरा शाबूत राहिला. मुलांनी हौसेनं मागवलेला केव्हलरचा (बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात त्या धाग्याचा) पिवळा, बारीक दोरा होता तो. पिशवीच्या प्लॅस्टिकच्या छत्रीला ज्या सहा भोकांत तो ओवला होता, त्यांतली चार भोकं कडेपर्यंत चिरत गेली होती. "आता याहून मजबूत दोरा आणू," एक जण म्हणाला. नेमकं तेच करायचं नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

दोरी किती वजन पेलते हे सगळेच विचारतात. तुटण्याआधी ती किती ताणली जाते हे फारसं कुणी विचारत नाही, आणि पॅराशूटसाठी महत्त्वाचं ते आहे.

शाळेतलं कार्य आणि ऊर्जा आठवा. 200 ग्रॅमचं रॉकेट सेकंदाला 10 मीटर वेगानं खाली येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा 10 ज्यूल. छत्री उघडताच ही ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. दोरीनं 10 सेंटीमीटर ताणून ती जिरवली, तर सरासरी बल 100 न्यूटन. तीच 2 सेंटीमीटरमध्ये जिरवायची झाली तर 500 न्यूटन, म्हणजे सिमेंटचं 50 किलोचं पोतं लटकवल्यासारखं. प्रत्यक्षात छत्री आणि हवाही थोडं सैल सोडतात, त्यामुळे हिसका इतका बसत नाही. पण दोन दोऱ्यांमधला फरक राहतोच.

हा फरक रेणूंतून येतो. नायलॉनच्या लांब साखळ्या लवचीक असतात. धाग्यात काही ठिकाणी त्या शिस्तीत शेजारी शेजारी, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून बसतात, तर मधल्या भागांत गुंतवळासारख्या पडलेल्या असतात. ओढ बसली की हा गुंतवळ सरळ होऊ लागतो. साखळ्या एकमेकींवर घासतात, ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन जातो, म्हणून नायलॉन रबरासारखा उलट उसळी घेत नाही. तुटण्याआधी तो साधारण 15 ते 30 टक्के लांबतो. केव्हलरच्या साखळीत अमाइड गटांच्या, म्हणजे साखळीतल्या जोडांच्या, मध्ये बेंझिनची कडी (सहा कार्बन अणूंची ताठ वर्तुळं) आहेत. त्यामुळे ती वेताच्या काठीसारखी ताठ. रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये या जातीचं रसायन हाताळलं तेव्हा द्रावण गढूळ दिसलं, कारण रेणू द्रवातच रांगा धरत होते. धागा होईपर्यंत सगळं सरळच झालेलं असतं, मग ताणायला उरणार काय? तो 3-4 टक्क्यांवर तुटतो. बंदुकीच्या दारूवर उडणाऱ्या रॉकेटमध्ये गरम वायूंजवळ केव्हलरचा तुकडा हवाच, कारण तो वितळत नाही. पाण्याच्या रॉकेटमध्ये त्याचं काम नाही.

"मिलिटरी ग्रेड" पॅराकॉर्डच्या जाहिरातींनाही भुलू नका. 250 किलो पेलणारी ती दोरी मीटरला साडेसहा ग्रॅम भरते. 60 सेंटीमीटरच्या सहा दोऱ्या म्हणजे रॉकेटच्या वजनाचा जवळजवळ आठवा भाग.

हार्डवेअरच्या दुकानातली गवंडीकामाची पिळाची बारीक नायलॉन दोरी किंवा जाळी विणायचा नायलॉनचा दोरा स्वस्त आणि पुरेसा. मात्र दुकानदार प्लॅस्टिकच्या कुठल्याही दोरीला नायलॉनच म्हणतात. म्हणून एक तुकडा साबणाच्या पाण्यात दाबून पिळून सगळे बुडबुडे काढा आणि सोडा. तळाला गेला तर नायलॉन असू शकतो. तरंगत राहिला तर ती बहुधा पॉलिप्रॉपिलीन, जी उन्हात लवकर कुजते. तंगूस (मासेमारीचा एकेरी, गुळगुळीत दोरा) घेऊ नका. त्याची वेटोळी जात नाहीत, गाठ निसटते, आणि झाडावर अडकलेला तुकडा पक्ष्यांचे पंख कापतो. नायलॉन मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, ती यासाठीही.

गाठीपाशी दोरी एकदम वळते, बाहेरच्या धाग्यांवर जास्त ताण येतो आणि ताकद निम्म्यापर्यंत उतरते. म्हणून दोरी हिशेबापेक्षा दुप्पट दमाची घ्या, भोकांभोवती चिकटपट्टीचे दुहेरी तुकडे लावा आणि कापलेली टोकं अगरबत्तीनं चटका देऊन बंद करा, म्हणजे पीळ सुटणार नाही.