झेंडा लावण्यापासून खोट्या बातमीपर्यंत: न्यूज वेबसाईट हॅकिंगची पार्श्वभूमी

न्यूज साईट हॅक झाली म्हटलं की आपल्याला आठवतं ते काळं केलेलं होमपेज, कुठलातरी झेंडा आणि मोठ्या अक्षरातली घोषणा. सुरुवात तशीच झाली होती, पण पुढे पद्धत पार बदलली आणि माझ्या मते आजचा प्रकार जास्त घातक आहे.

१३ सप्टेंबर १९९८ ला, रविवारी, न्यूयॉर्क टाइम्सचं होमपेज बदललं गेलं. तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावरचा, केनेथ स्टार यांच्या चौकशीचा अहवाल म्हणजे स्टार रिपोर्ट दोनच दिवस आधी आला होता, वाचक साईटवर तुटून पडले होते आणि नेमकी तीच वेळ 'हॅकिंग फॉर गर्लीज' नावाच्या ग्रुपने साधली. राग होता केविन मिटनिक या तुरुंगात असलेल्या हॅकरबद्दल पेपरात जे लिहून आलं त्याचा. साईट कित्येक तास बंद ठेवावी लागली.

२००३ मध्ये इराक युद्ध सुरू झाल्यावर अल जझीराने मारले गेलेले आणि पकडलेले अमेरिकन सैनिक दाखवले, तर आधी त्यांच्या साईटवर ट्रॅफिकचा मारा झाला आणि मग तिथे येणारे वाचक भलत्याच पानावर, अमेरिकन झेंड्यावर जाऊन पडायला लागले. यात अल जझीराचा सर्व्हर फोडलाच नव्हता! कॅलिफोर्नियातल्या एका माणसाने डोमेन रजिस्ट्रारला, म्हणजे वेबसाईटचं नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीला, खोटी कागदपत्रं फॅक्स करून डोमेनचा ताबा मिळवला होता. म्हणजे घराला कितीही कुलपं लावा, किल्ली तिसऱ्याकडेच असते, आणि पुढची बरीच वर्षं हेच होत राहिलं.

सीरियात युद्ध पेटल्यावर असद सरकारच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी या हॅकर ग्रुपने तर हाच रस्ता धरला. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी आऊटब्रेन ही 'हेही वाचा'वाल्या लिंक पुरवणारी कंपनी गाठली आणि तिच्यातून वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएन, टाइम यांच्या पानांवर पोचले, आणि त्याच महिन्यात मेलबर्न आयटी या रजिस्ट्रारमार्फत न्यूयॉर्क टाइम्सची साईट पाडली. पण त्यांचा सगळ्यात मोठा वार एप्रिल २०१३ चा, आणि त्यात वेबसाईट नव्हतीच, एपी या वृत्तसंस्थेचं ट्विटर अकाऊंट होतं. व्हाईट हाऊसमध्ये दोन स्फोट, ओबामा जखमी, एवढंच ट्वीट. शेअर बाजार काही मिनिटांत धाडकन खाली आला आणि खोटं आहे कळल्यावर परत वर गेला. त्याआधी एपीच्या लोकांना फिशिंगचे, म्हणजे फसवून पासवर्ड काढून घेणारे, मेल आले होते.

इथून खरा फरक पडला असं मला वाटतं. झेंडा लावला की वाचकाला लगेच कळतं की साईट हॅक झालीय, पण त्या पेपरच्याच नावाने, त्याच फॉन्टमध्ये खोटी बातमी लावली तर कोणाला कळणार? मे २०१७ मध्ये कतार न्यूज एजन्सीवर अमीरांच्या, म्हणजे कतारच्या राज्यकर्त्यांच्या, तोंडी खोटी वाक्यं घालून बातमी टाकली गेली, कतारने लगेच हॅक झाल्याचं सांगितलं तरी शेजारच्या देशांतल्या मीडियात ती चालतच राहिली आणि ५ जूनला सौदी, यूएई, बहारीन, इजिप्तने संबंध तोडले. भांडण आधीपासूनचं होतं हे खरं, पण निमित्त मिळालं ते या बातमीचं.

लिथुआनिया आणि पोलंडमध्ये तर याची मोहीमच चालली, 'घोस्टरायटर' नावाने ओळखली जाते ती. स्थानिक न्यूज साईटमध्ये घुसायचं आणि नाटोच्या सैनिकांबद्दल बनावट बातमी गुपचूप आत ठेवून द्यायची.

शिवाय पानावर सही कोणाची आहे त्यावरही भरवसा ठेवता येत नाही. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या टीव्ही५ मोंदचे चॅनल बंद पडले, वेबसाईट आणि सोशल मीडियावर 'सायबर खिलाफत'चे फलक झळकले, सगळे आयसिसकडे बोट दाखवत होते आणि नंतर तपास गेला तो रशियाशी जोडलेल्या हॅकरांकडे. उलट बाजूनेही घडलंय, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर तास ही वृत्तसंस्था आणि कोमेर्सांत, इझ्वेस्तिया हे पेपर यांच्या रशियन साईटवर युद्धविरोधी मजकूर झळकला.

३१ मे २०२४ ला पोलंडच्या पीएपी वृत्तसंस्थेवरून बातमी गेली की पंतप्रधान टुस्क १ जुलैपासून दोन लाख लोकांना सैन्यात बोलावणार आहेत. पीएपीने ती मागे घेतली, तर थोड्या वेळाने तीच बातमी परत गेली. वृत्तसंस्थेची बातमी पुढे इतर सगळे पेपर उचलतात, त्यामुळे इथे एकच दार उघडलं तरी हल्लेखोराला पुरतं.